आधी ढबूनं खायचं

आमच्या घरात अळ्यांना दिवसातून चार वेळा जेवायला मिळतं आणि माणसांना दोन वेळा. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. रेशमाच्या अळ्या पाळायच्या तर त्यांचं आधी, आपलं नंतर. उजाडता उजाडता तुतीचा पाला कापायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचा, हात धुवायचे, पाय धुवायचे, रोग आत जाऊ नये म्हणून दारात पसरलेल्या चुन्यावरून चालत आत जायचं आणि एकेका मांडणीवर पाला पसरत सुटायचं. शेवटच्या सात दिवसांत तर अळ्या इतकं खातात की शेडमध्ये कुरकुर कुरकुर आवाज चालू असतो. तो आवाज ऐकला की माझं निम्मं पोट तिथंच भरतं.

शेड माझी. म्हणजे कागदावर भावाची, पण नवरा गेल्यावर मी धाकट्या भावाकडे आले त्याला बावीस वर्षं झाली आणि तेव्हापासून अळ्यांचं सगळं मीच बघते. भाऊ आणि भावजय माझ्या हाताखाली. त्यांना ते आवडत नाही, पण चालतं. त्यांना एकच मुलगी, सहा वर्षांची. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून मुंगी म्हणायला लागलो, ते नाव चिकटलं. अळ्यांच्या घरात मुंगी म्हणजे दुश्मन. मुंग्या चढू नयेत म्हणून आम्ही मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो. पण लाडाला कुठं अक्कल असते.

ही मुंगी खायला महा कटकटीची. दूधभात, आणि तोही गोष्ट सांगितली तर. भाजीत कांद्याचा तुकडा दिसला की ताट सरकलंच. भावजय घास हातात धरून अंगणभर तिच्यामागं फिरायची आणि मी शेडच्या दारातून बोलायचे, की अगं मी चाळीस हजार तोंडं भरते, तुला एक आवरत नाही? ती बिचारी गप्प बसायची. वन्संच्या तोंडाला कोण लागणार. माझं तोंड वाईट आहे, हे मला कोणी सांगायला नको.

मग ढबू आली. आली म्हणजे होतीच, शेजारच्या भाजीवाल्याची मुलगी. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, मध्ये पाण्याचा पाट आणि पाटाला सिमेंटचा कट्टा. त्या वर्षी दोघी शाळेत एका वर्गात बसल्या आणि शाळा सुटली की कट्ट्यावर दप्तरं टाकायला लागल्या. ढबू गोल, दणकट, आणि खायची भारी हौस. वडिलांच्या वाफ्यातलं गाजर उपटायची, पाटात खळबळून घ्यायची आणि कर्रकन तोडायची. पहिल्या दिवशी मुंगी नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी ढबूनं गाजराचं टोक तोडलं, चावलं, थोडा विचार केला आणि उरलेलं पुढं केलं. म्हणाली, "चांगलंय. घे."

मुंगीनं घेतलं. मी पलीकडे पाला कापत होते, विळा हातातच राहिला.

तेव्हापासून तो नियमच होऊन बसला. आधी ढबूनं खायचं, मग मुंगीनं. टोमॅटो झाला, वाटाण्याच्या शेंगा झाल्या, मुळा, उकडलेलं अंडं, कोबीची भाजी. जे आम्ही गोष्टी सांगून, डोळे वटारून, रडून खाऊ घालू शकलो नाही ते त्या पोरीनं "चांगलंय, घे" एवढ्या दोन शब्दांत खाऊ घातलं. दूध मात्र ढबूला नको असायचं. ते मुंगीनं आधी पिऊन दाखवलं, मग ढबूनं नाक दाबून. तीन महिन्यांत मुंगीच्या गालांवर मांस आलं. भावजय म्हणाली, वन्सं, देव पावला. मी म्हटलं, देव नाही गं, ढबू.

त्या वर्षी ऊन लांबलं. हवा इतकी कोरडी की पाला आणेआणेपर्यंत कोमेजायचा. तरी अळ्या चांगल्या चालल्या होत्या, चौथी कात टाकून झालेली, शेवटचं खाणं चालू. आणखी पाच दिवस खाल्लं असतं की कोष. एका सकाळी आम्ही दोघा भावंडांनी पाला टाकला आणि मी घरात येऊन हातपाय धुतले. तासाभरानं परत गेले तर शेडमधला आवाज पार मंदावलेला.

अळ्या माना वर करून वळवळत होत्या. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. आखडून निम्म्या झाल्या होत्या. मी एकीला उचललं तर हातात लुळी पडली. दुपारपर्यंत दोन मांडण्या गेल्या, भिंतीकडची आणि दाराकडची.

भाजीवाल्यानं आदल्या संध्याकाळी कोबीवर औषध फवारलं होतं. मला माहीत होतं, कारण त्यानंच येऊन सांगितलं होतं. नेहमी सांगायचा. वारा तुमच्याकडे नाही ताई, तरी पाटाकडच्या चार ओळींचा पाला दोन आठवडे घेऊ नका, असं म्हणाला होता आणि आम्ही घेतला नव्हता. पण त्या वेळी यातलं काही डोक्यात राहिलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. बांधावर जाऊन उभी राहिले आणि त्याला त्याच्या बायकोसमोर, मजुरांसमोर, रस्त्यानं जाणाऱ्या माणसांसमोर नाही नाही ते बोलले. वीसेक माणसं जमली. भाजीवाला हातातला कोबी खाली न ठेवता ऐकत होता. मी म्हटलं, तुमच्या हाताला विष आहे, तुम्ही पिकवता ते विष आहे, तुमच्या पोरीच्या डब्यातसुद्धा विष आहे.

मागं वळले तर मुंगी. तळहातावर मेलेली अळी घेऊन उभी. मी तिचा हात झटकला आणि सांगितलं, आजपासून त्यांच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, त्या ढबूशी बोलायचं नाही, बघितलंस ना अळ्यांचं काय झालं? तिनं मान हलवली. तिनं बघितलं होतं.

दुपार कलल्यावर मी मेलेल्या अळ्या टोपल्यात भरायला घेतल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधली मांडणी जिवंत आहे. नुसती जिवंत नाही, खात होती. एकाच गाठोड्यातला पाला, एकाच वेळी टाकलेला. फरक एवढाच की मधल्या मांडणीला मी टाकला होता आणि दोन्हीकडच्या भावानं.

त्याचा सदरा खुंटीला होता. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी.

अळ्या पाळणाऱ्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं, तंबाखू मळलेल्या हाताचा पाला अळीनं खाल्ला की ती गेली. सात वर्षांपूर्वी भावानं याच शेडच्या दारात कानाला हात लावून तंबाखू सोडली होती. जित्याची खोड. मी पुडी हातात धरून उभी होते आणि तो दारात आला. त्यानं पुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पुडी परत खिशात घातली. भावजयीनं विचारलं, वन्सं, मधल्या मांडणीला काही कसं झालं नाही? मी सांगितलं, तिला वरच्या रानातला पाला होता.

एवढं एकच वाक्य खोटं बोलले. मला वाटलं, एका वाक्यानं काय होतंय. वीस माणसांसमोर थुंकलेलं परत कसं चाटायचं? भाजीवाला काय, चार दिवस तोंड फिरवील, मग होईल सरळ. असा हिशेब मी मनाशी मांडला. त्यात मुंगी कुठंच नव्हती.

पहिल्या आठवड्यात मुंगीनं पालेभाजी सोडली. आम्हाला वाटलं, जुनं खूळ परत आलं. मग टोमॅटो, गाजर, शेतातलं जे जे म्हणून असेल ते. दुसऱ्या आठवड्यात दूध सोडलं. भावजयीनं विचारलं तर म्हणाली, गाय कुठं चरते? भावजय म्हणाली, बांधावर. मुंगीनं पेला खाली ठेवला. आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही. पोरं काहीही बोलतात. भातसुद्धा दोन घास खायची आणि तिसरा तोंडात धरून बसायची, गाल फुगवून, गिळायची नाही. कोपऱ्यात जाऊन थुंकायची. बिस्किटं तेवढी खायची, आणि तीही पुडा तिच्यासमोर फोडला तर. फोडल्याचा आवाज तिला ऐकू आला पाहिजे. आधीच उघडलेल्या पुड्यातलं बिस्कीट दिलं की नको म्हणायची.

भावजयीनं सगळं करून बघितलं. मांडीवर घेतलं, गोष्टी सांगितल्या, शेवटी एक दिवस चापट मारली आणि स्वतःच रडत बसली. पोरीचे हात काड्यांसारखे दिसायला लागले. अंघोळ घालताना पाठीचा एकेक मणका माझ्या बोटाला लागायचा. कट्टा मोकळा पडलेला असायचा. शाळा सुटली की मुंगी सरळ घरात यायची आणि खिडकीत बसून पाटाकडे बघायची. ढबू दिसली की बघायची, दिसेनाशी झाली की खिडकीतून उठायची. मला वाटायचं, मैत्रिणीची आठवण येते. येईल आठ दिवस, मग विसरेल. पण रात्री डोळा लागायचा नाही माझा. दिसायचा तो खिसा.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. म्हणाले, रोग काही दिसत नाही, अशक्तपणा आहे. भुकेचं औषध दिलं. निघताना सहज विचारलं, ही जेवते कोणाबरोबर? भावजयीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याबरोबरच की. ते औषध मुंगीनं घेतलं नाही. बाटली हिरवी होती.

तिसऱ्या आठवड्यात शेड धुऊन, चुना मारून आम्ही दोन काती झालेल्या नव्या अळ्या आणल्या. चारच दिवसांत त्या तिसऱ्या कातीला आल्या. अळी कात टाकायच्या आधी दिवस-दीड दिवस खात नाही. मान उचलून स्तब्ध बसते. नवखा माणूस घाबरतो, आजारी पडली म्हणून आणखी पाला टाकतो, आणि ती खालच्या खाली दबून जाते. जाणत्यानं अशा वेळी शेडचं दार ओढून घ्यायचं आणि बाहेर बसायचं. कात टाकली की अळी अशी भुकेली उठते की पाला पुरत नाही. बावीस वर्षं हेच करत आले मी.

तर मी भावजयीला म्हटलं, पोरीच्या मागं लागू नकोस. तू घास घेऊन धावतेस म्हणून ती आडून बसते. दोन दिवस तिला काही विचारू नकोस, काही देऊ नकोस, बिस्किटाचा पुडासुद्धा आणू नकोस. पोटात कावळे ओरडले की येईल झक मारत. भावजय म्हणाली, वन्सं, ती माणसाचं पोर आहे. मी म्हटलं, पोट सगळ्यांना सारखंच. माझ्यापुढे बोलायचं तोंड भावाला राहिलं नव्हतं, आणि ते मला त्या दिवसांत सोयीचं वाटत होतं. आता सांगताना लाज वाटते.

पहिला दिवस मुंगी पाणी पिऊन राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी येऊन उभी राहिली, भावजयीकडे बघितलं, आणि दप्तर घेऊन गेली. भावजयीनं माझ्याकडे बघून पदर तोंडात धरला. मी पाला कापायला निघून गेले.

अकराच्या सुमाराला शाळेतल्या बाईंची स्कूटर अंगणात आली. पुढं मुंगीला उभं केलेलं, एका हातानं धरलेलं. फळ्यापाशी उभी होती ती खाली बसली आणि आडवी झाली, असं बाई म्हणाल्या. भावजयीनं तिला उचलून आत नेलं. मी साखरेचं पाणी केलं, ते मात्र प्यायली. बाई ओसरीवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, की मी तशीही येणारच होते.

त्यांच्या वर्गात बावीस पोरं. त्यातली अकरा पोरं भाजी खाईनाशी झाली होती. डबा उघडायचा, भाजी बाजूला काढायची, कोरडा भात खायचा आणि भाजी कुंपणापलीकडे टाकायची. पहिल्यांदा एक मुंगी. मग तिच्या शेजारी बसणारी. मग तिच्या पुढची. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. दोन घरच्या आया भांडायला आल्या होत्या, की शाळेत काय शिकवता. आणि ढबूशेजारी कोणी बसत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी एकानं तिचा डबा पायानं उडवला होता, विषाचा डबा म्हणून. तेव्हापासून ती पाण्याच्या टाकीमागं बसून जेवते, असं बाई म्हणाल्या. आणि हल्ली टाकीमागंही डबा तसाच परत नेते.

"माझं ऐकत नाहीत हो," बाई म्हणाल्या. "मी रोज त्यांच्यासमोर बसून भाजी खाते. पोरं मास्तरणीचं बघून खात नाहीत, एकमेकांचं बघून खातात. कुठून आलं हे विषाचं?"

मी पायाच्या नखानं जमीन उकरत बसले.

बाई गेल्यावर मी आत गेले. मुंगी गोधडीवर पडली होती, डोळे उघडे. भावजय तिचे पाय चोळत होती. मी जवळ बसले आणि विचारलं, बाळ, तू खात का नाहीस? हा प्रश्न तिला आम्ही हजारदा विचारला असेल, पण दर वेळी ओरडून. त्या दिवशी माझ्या आवाजात ओरडायचं बळच नव्हतं.

ती हळूच म्हणाली, "अळ्यांना तरी कुठं कळलं होतं, पाला वाईट आहे ते?"

मग एकेक बाहेर आलं. भाजीवर विष आहे. बांधाच्या गवतावर आहे, म्हणून दुधात आहे. तांदूळ पाटाच्या पाण्यानं धुतात, म्हणून भातात आहे. आत्या म्हणाली होती, ढबूच्या डब्यात पण आहे. मुंगी रोज सकाळी वर्गात शिरली की आधी बघायची, ढबू आलीय का. शाळा सुटली की खिडकीतून बघायची, ढबू अजून चालतेय का. रोज वाटायचं, आज नाही येणार. मैत्रिणीची आठवण येते म्हणून ती खिडकीत बसते, असं मला वाटलं होतं. ती ढबूचं मरण राखत बसली होती, सहा वर्षांची पोर.

मी म्हटलं, मुंगे, कशातच विष नाही, मी खातेच की सगळं. ती म्हणाली, ढबूच्या घरचं तू कुठं खातेस?

भाऊ शेडमध्ये होता. अळ्या कातीला बसलेल्या म्हणून काम नव्हतं, तो नुसता उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी उद्या खरं काय ते सांगणार आहे. तो चपापला. म्हणाला, अक्का, आता मिटलंय ते, कशाला उकरतेस, लोक शेण घालतील तोंडात. कोष घेणारा पुन्हा दारात उभा राहणार नाही, ह्यांच्या शेडमध्ये तंबाखू चालते म्हणेल. खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, तुझी पोर साखरेच्या पाण्यावर आहे. तो खाली बसला. डोकं गुडघ्यांत घातलं. मी पुढं म्हटलं, तंबाखू तुझी होती, पण खोटं माझं होतं, तेव्हा तुझ्या वाट्याचं शेण निम्मंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीवाल्याच्या शेतात गेले. तो आणि त्याची बायको कोबी काढत होते. महिनाभरात पहिल्यांदा मी पाट ओलांडला. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण तोंडातून सरळ एवढंच आलं, की विष तुमचं नव्हतं, तंबाखू होती, आमच्याच घरची, आणि मला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं.

भाजीवाला कोयता चालवत राहिला. दोन कोबी काढले, तिसरा काढला. मग म्हणाला, "त्याच दिवशी?"

मी मान हलवली.

"महिना झाला, ताई. माझी पोर टाकीमागं बसून जेवते. मी तिला विचारलं, तर म्हणते, बाबा, आपण खरंच विष घालतो का?"

मला वाटलं होतं, ओरडेल, शिव्या देईल. त्या मी खाल्ल्या असत्या. तो तेवढंच बोलला आणि पाठ फिरवून पुन्हा वाकला. बोलली ती त्याची बायको. हातातली पानं झटकत म्हणाली, की ओरडलात तेव्हा वीस माणसं होती, आणि खरं सांगायला मात्र इथं वाफ्यात, कोबीला. आमच्या पोरीचा डबा उडवणारी पोरं इथं नाहीत. मी म्हटलं, त्यांच्याकडेच निघाले आहे. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, मग जा.

मधल्या सुट्टीला मी शाळेत पोचले. मुंगीला कडेवर नेलं, तिच्यात चालायचं बळ नव्हतं आणि मलाही कमरेत उसण भरली होती, पण नेलं. पोरं व्हरांड्यात ओळीनं डबे उघडून बसली होती. बाईंना मी दारातच दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मला वाट करून दिली.

बावीस पोरांसमोर बोलायला वीस मोठ्या माणसांपेक्षा जास्त भीती वाटते. मोठी माणसं मनात हसतात, पोरं सरळ तोंडाकडे बघतात. मी म्हटलं, आमच्या अळ्या मेल्या त्या ढबूच्या बाबांच्या औषधानं नाही मेल्या. माझ्या भावाच्या हाताला तंबाखू होती. मला ते कळलं होतं आणि मी खोटं बोलले. एका पोरानं लगेच विचारलं, का खोटं बोललात? मी म्हटलं, लाज वाटली म्हणून. त्याला ते पटलं असावं.

मग मी टाकीमागं गेले. ढबू मांडीवर मिटलेला डबा घेऊन बसली होती. गाल उतरले होते तिचेही. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला आणि स्वतःच चालत माझ्या पुढं आली, व्हरांड्यात बसली, डबा उघडला. कोबीची भाजी आणि भात. मी हात पुढं केला. म्हटलं, दे गं मला. ढबूनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मुंगीकडे. मग स्वतः एक घास खाल्ला, आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

मी खाल्ला. आणखी मागितला, तोही खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण खाल्ला. पोरं टक लावून बघत होती. मी मुंगीकडे वळून म्हटलं, बघ, खाल्लं की नाही? आता तू खा.

मुंगी म्हणाली, "अळ्यासुद्धा लगेच नव्हत्या मेल्या."

म्हणून आम्ही वाट बघितली. दुसरं काय करणार. मी तिला घरी आणलं, कट्ट्यावर गोधडी टाकून बसवलं. शाळा सुटल्यावर ढबू आली. पाटाच्या पलीकडे तिची आई उभी होती. ये म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. ढबूनं दप्तर कट्ट्यावर टाकलं, वाफ्यातून एक गाजर उपटलं, पाटात धुतलं आणि हातात धरून मुंगीशेजारी बसली. महिन्याभरानं भेटलेल्या पोरी, पण एकमेकींशी एक अक्षर नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मरते की काय, ते.

अळ्या त्याच दुपारी कातीतून उठल्या होत्या, भुकेनं वखवखलेल्या, म्हणून मला पाला कापणं भाग होतं. मी ओळीत शिरले की मुंगी म्हणायची, आत्या, दिसतेस तिथंच राहा. मग मी कट्ट्यासमोरच्याच ओळीत कापत राहिले. मध्येच हाक यायची, हात वर कर. मी करायचे. चालून दाखव. मी चालायचे. घरापाशी भाऊ हातपंपावर हात धूत होता. कोपरापर्यंत साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. भाजीवाला पलीकडून ते बघत होता. भावजय दारात उभी होती, तिनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

ऊन उतरलं. सावल्या पाटापलीकडे गेल्या. मुंगीनं मला जवळ बोलावलं.

"जीभ दाखव."

मी विळा बाजूला धरून वाकले आणि जीभ बाहेर काढली. दोघींनी बघितली. मुंगीनं बोटानं माझ्या ओठांची कड पुसली आणि बोट उजेडात धरलं. हिरवं नव्हतं. तरी तिची खात्री पटेना. तिनं ढबूकडे बघितलं.

ढबूनं थोडा विचार केला. म्हणाली, "नाही मेली."

आणि गाजराचं टोक कर्रकन तोडलं, चावलं, गिळलं, आणि उरलेलं मुंगीपुढं धरलं. मुंगीनं ते दोन्ही हातांनी घेतलं. एवढासा तुकडा तोडला आणि गालात धरून ठेवला, आणि मला वाटलं, आता थुंकणार. भावजय दारातून दोन पावलं पुढं आली होती. मग मुंगीचा जबडा हलला. हळू हलला, मग जरा जोरात. तो आवाज मला कट्ट्यापासून तीन हातांवर ऐकू येत होता. शेडमधल्या अळ्यांची खायची वेळ टळून गेली होती, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मी पाल्याचं गाठोडं पायाशी टाकून तिथंच उभी होते.